पाडव्याच्या आदल्या दिवशी काढलेलं कुंपण

शेजारच्या काकूंना मी शब्द दिला होता की पिल्लं उडून जाईपर्यंत मेंदीच्या कुंपणाला हात लावणार नाही. तो शब्द मी मोडला. त्या दोन दिवस घरी नव्हत्या तेव्हा मोडला, आणि मोडल्यावर दुसऱ्याचं नाव पुढे केलं. ही हकीकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे, पण नेहमी त्यातले गमतीचे तुकडेच सांगितले. उरलेलं आज लिहितो.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत मी सॉफ्टवेअर प्रोजेक्टांची वेळापत्रकं सांभाळायचो. राहायला वाघोलीच्या अलीकडे, नगर रस्त्यापासून आत, बारा रो हाउसच्या छोट्या सोसायटीत होतो. ती बांधताना बिल्डर धरून चालला असावा की इथला माणूस फार तर स्कूटर घेईल. त्यामुळे प्रत्येक अंगणाला स्कूटर जाईल एवढंच फाटक. पाच-सहा वर्षांत बघता बघता सगळ्यांकडे गाड्या आल्या, फाटकं रुंद झाली, जिथे जमलं नाही तिथे गाड्या रस्त्यावर एकामागे एक उभ्या राहू लागल्या. सगळ्यात शेवटी नंबर माझा लागला.

माझ्या आणि काकूंच्या अंगणांमध्ये भिंत नव्हती, खांद्याइतकी उंच, दाट मेंदी होती. मोजणीप्रमाणे ती माझ्या हद्दीत येत होती. पुढची पंधराएक फूट मेंदी काढली आणि फाटक त्या बाजूला वाढवलं की गाडी आत येणार होती. मी काकूंना विचारायला गेलो. काकूंचं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं होतं. शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मोकळ्या हवेसाठी इकडे येऊन एकट्याच राहत होत्या.

"काढा की. तुमच्याच जागेत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त महिनाभर थांबा. आत बुलबुल बसलीय."

"महिनाभर?"

"तेरा-चौदा दिवस उबवायला. तेवढेच पिल्लांना पंख फुटायला. बेरीज येत असेल तुम्हाला."

"पण काकू, गाडी पाडव्याला येतेय. मुहूर्ताला."

"येऊ दे ना! महिनाभर रस्त्यावर उभी राहिली म्हणून ती काही अंडी घालणार नाही."

मी हसलो. त्यांनी मला फाटकापासून चार-पाच पावलांवर नेलं आणि दोन बोटांनी पानं बाजूला केली. आत बेचक्यात गवताची वाटी होती, एवढीशी. वाटीत लालसर ठिपक्यांची तीन अंडी. त्यांनी लगेच पानं सोडून दिली. "पुरे. तिला आवडत नाही," म्हणाल्या. तिथंच उभ्या उभ्या मी शब्द दिला. देताना तो खरा होता, एवढं मी आजही म्हणेन.

मग बाबांचा विचार मनात शिरला. माझे वडील यवतमाळकडचे, एसटीत ड्रायव्हर. सबंध उमेदीत त्यांनी दुसऱ्यांची माणसं गावोगाव पोचवली. स्वतःच्या मालकीची म्हणून त्यांनी कधी सायकलपलीकडे काही चालवलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाडव्याला ते माझ्याकडे येणार होते. मी मनात एक चित्र रंगवून ठेवलं होतं: अंगणात गुढी, गुढीशेजारी नवी गाडी, गाडीला टेकून बाबा. फोनवर त्यांना हे सांगितलंही. ते फक्त "बरं" म्हणाले. सगळी हौस माझीच होती. त्यांनी अंगणात गाडी मागितली नव्हती.

दिवस जवळ आले तसा मी मेंदीकडे बघायचंच सोडून दिलं. ऑफिसला जाताना फाटकातून मान खाली घालून जायचो. पाडव्याच्या दोन दिवस आधी काकू पेठेत बहिणीकडे निघाल्या. रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "पिल्लं बाहेर आलीत. अजून आठ-दहा दिवस. मांजर येतं हो, लक्ष ठेवा."

"हो काकू. निश्चिंत जा."

त्या संध्याकाळी मी मेंदीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. आवाज आला नाही. बुलबुलही कुठे दिसली नाही. गेली असतील उडून, मी स्वतःला सांगितलं. पाखरं भराभर वाढतात. दोन बोटांनी पानं बाजूला करायला मला काहीच लागलं नसतं. मी ती केली नाहीत. केली असती तर थांबावं लागलं असतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा एसटीनं आले. व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा घेत बसले. माझ्या बायकोनं गुढीचा नवा बांबू धुऊन भिंतीला टेकवून ठेवला होता. तेवढ्यात सोसायटीचे माळी सायकलवरून आले. पन्नाशीचे, वाघोलीच्या पुढच्या एका वस्तीवरचे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणायची. मी त्यांना मेंदी दाखवली.

"साहेब, ह्यात पाखरू हाय," मामा म्हणाले. "बाईंनी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"उडाली पिल्लं. काकूंशी बोलणं झालंय माझं."

"कवा उडाली?"

"परवा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेंदीकडे पाहिलं. काकूंचं नाव घेतलं नसतं तर त्यांनी नक्की आधी आत हात घालून पाहिलं असतं. "मग ठीक हाय," म्हणाले आणि कोयता काढला.

फाटकाकडून त्यांनी सुरुवात केली. मेंदीचे बुंधे मनगटाएवढे झाले होते, एकेकाला चार-पाच घाव लागत होते. तोडलेली झुडपं मी ओढून बाजूला टाकत होतो आणि मनातल्या मनात गाडी आत घेत होतो. सहावं का सातवं झुडूप कलंडलं आणि वरच्या तारेवरून बुलबुल ओरडायला लागल्या. दोन्ही, नर आणि मादी. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. गोड बिड काही नव्हता तो. घरात कुणी पडलं की माणसं ओरडतात तसा होता.

मामांचा हात वरच थांबला. बाबा खुर्चीतून उठून आले. झुडूप बुंध्यापासून तुटून शेजारच्या झुडपावर रेललं होतं. वाटी तिरकी झाली होती. तिच्यात दोन पिल्लं एकमेकांना चिकटून, चोची उघड्या टाकून बसली होती. पंखांच्या जागी नुसत्या काड्यांसारखे कोंब. तिसरं खाली तुटलेल्या पानांत पडलं होतं. ते हलत नव्हतं.

"पिल्लं उडाली म्हणत होता ना तू?" बाबांनी विचारलं.

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. मग कोयता खाली ठेवत म्हणाले, "माझंच चुकलं. आधी हात घालून बघाया पायजे हुतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मामांनी स्वतःवर घेतलेलं मी तसंच राहू दिलं.

मामा मात्र लगेच कामाला लागले. "बुंधा तुटलाय, पर फांदी शाबूत हाय. हितंच उभी केली तर येईल ती. ऊन चढायच्या आत करा पर. टेकू पायजे एक, चांगला लांब."

बाबांनी भिंतीचा बांबू उचलला.

"अहो, तो गुढीचा आहे!" बायको दारातून म्हणाली.

"मंग?" बाबा म्हणाले. "गुढी काय उपाशी मरते का?"

मामांनी पहारीनं खड्डा केला, बांबू ठोकून उभा केला. बाबांनी फांदी धरली, मी वाटी सरळ राहील असं तोलून धरलं, मामांनी सुतळीनं फांदी बांबूला बांधली. उंची तीच, तोंडही त्याच दिशेला. भोवती तोडलेल्या फांद्या रोवून आडोसा केला, आणि पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट बांधलं. हे सगळं करताना माझा हात पिल्लाला एकदा लागला. गरम होतं ते, आणि इतकं मऊ की पुढचा गोंधळ मी जवळजवळ डोळे मिटूनच निस्तरला. मेलेलं पिल्लू बाबांनी कडेला मातीत पुरलं.

मग आम्ही सगळे घरात गेलो आणि खिडकीशी बसलो. मामासुद्धा. चपला बाहेर काढून ते खिडकीखाली उकिडवे बसले.

"आली?"

"नाही."

"तारेवर हाय. तोंडात अळी हाय तिच्या."

"मग जात का नाही?"

"साहेब, तिचं घर हुतं तितं आता नुसता मांडव दिसतोय तिला. इचार करंल का न्हाय?"

ती आली, आडोशाभोवती फिरली, परत तारेवर गेली. असं कितीदा झालं ते मला आता सांगता येणार नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तशी बायकोनं पळत जाऊन गॅस बंद केला. तासाभरानं केव्हातरी ती फांद्यांत शिरली आणि बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. "गेलती आत," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन आलो. झेंडूचा हार घातलेली नवी गाडी रस्त्यावर उभी केली, कारण अंगणात आता तिला जागा नव्हती. जागा करायला म्हणून मेंदी तोडली होती आणि त्या जागेवर आता कुणालाही पाय ठेवायची परवानगी नव्हती. गुढी आम्ही जळमटं काढायच्या लांब झाडूवर उभारली. झाडूचं डोकं काढून दांड्याला साडी, कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्याचा गडू. दांडा बारीक होता, गडूच्या वजनानं वाकून रस्त्यावर डोकावत होता.

दुपारी काकूंची रिक्षा आली. त्यांची नजर आधी वर गेली.

"काय हो, गुढी उभारलीत की जळमटं काढायला घेतलीत?" असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या. हसता हसता नजर खाली आली आणि चेहरा बदलला. त्या रिक्षाचे पैसे देऊन फाटकाशी येईपर्यंत मी अंगणात उभा होतो. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, हे खरं आहे. पण तोंड उघडलं तेव्हा वाक्य तयार होतं.

"मामांचा गैरसमज झाला, काकू. त्यांना वाटलं, पिल्लं उडाली."

"मामांचा?"

"हो. दोन वाचलीत. आई खायला घालतेय."

काकू थोडा वेळ त्या आडोशाकडे बघत राहिल्या. "त्यांनी आधी बघायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मी वळलो तर बाबा व्हरांड्यात बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी मी म्हटलं, "चला बाबा, गाडीतून एक चक्कर मारू. देवळात जाऊन येऊ."

"मी नाही येत."

"का? थकलात?"

"थकलो नाही. पह्यले त्या बाईले खरं सांगून ये. मंग बसतो तुह्या गाडीत."

मी त्या दिवशी गेलो नाही. सणाचा दिवस आहे, उद्या जाऊ, असं म्हणालो. बाबांनी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिससाठी बूट घालत असताना खिडकीतून मला काकू आणि मामा दिसले. काकू आवाज चढवत नसत. त्या म्हणाल्या, "मामा, मी तुम्हाला एवढं बजावून सांगितलं होतं. नुसतं आत बघायचं होतं. उद्यापासून माझ्याकडे नका येऊ. सोसायटीचं सोसायटी बघेल."

मामांनी मान हलवली. ते एकच वाक्य बोलले असते, साहेबांनीच सांगितलं होतं, एवढंच, तर माझं सगळं उघडं पडलं असतं. ते बोलले नाहीत. आदल्या दिवशीच्या सुकलेल्या फांद्या काढून त्यांनी घरट्याभोवती ताज्या फांद्या रोवल्या, कोयता सायकलला अडकवला आणि गेले. मी पडद्याआड उभा होतो. एका पायात बूट होता.

तरी मी ऑफिसला गेलो. शुक्रवार नव्हता, पण मी आठवड्याचा अहवाल उघडून बसलो. प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्यायचा असे. उशिरा चाललेल्या कामापुढे मी वर्षानुवर्षं पिवळा देत आलो होतो आणि कारणाच्या रकान्यात दुसऱ्या टीमचं नाव लिहीत आलो होतो. त्या रकान्याकडे बघता बघता मला घाम फुटला. जेवणाच्या सुट्टीत तब्येतीचं कारण सांगून मी घरी आलो. तब्येत खरोखरच बरी नव्हती, म्हणून ते खोटं धरत नाही.

काकूंनी दार उघडलं.

"काकू, मामांची चूक नाही. तुमची परवानगी आहे, पिल्लं उडाली, असं मीच त्यांना सांगितलं होतं. मी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर, म्हणजे तुमच्या नावावर, विश्वास ठेवला."

त्या दारातच उभ्या राहिल्या. "हे काल का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"आणि आज कुठून आला?"

"बाबा गाडीत बसत नाहीयेत."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. "म्हणजे धीर तुमचा नाही, वडिलांचा आहे," त्या म्हणाल्या. "असो. तोही चालतो. पण मला सांगून काय उपयोग? मी एका माणसाला विनाकारण बोलले. मला त्याच्या घरी न्या."

"आत्ता?"

"मग काय, पुढचा मुहूर्त बघणार आहात?"

अशी आमच्या नव्या गाडीची पहिली फेरी निघाली. पुढे बाबा, मागे काकू, आणि गाडीला पाडव्याचा सुकलेला हार. बाबा गाडीत बसण्याआधी फक्त "सांगतलं?" म्हणाले आणि मी मान हलवल्यावर त्यांनी स्वतः दार उघडलं. रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वाघोलीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलो. मामा घरापुढे सायकल उलटी करून चाक दुरुस्त करत बसले होते. दाराशी गाडी थांबलेली पाहून उठले, हात पुसले.

काकू उतरल्याबरोबर म्हणाल्या, "मामा, सकाळी बोलले ते मी मागे घेतलं. चूक तुमची नव्हती."

"ठाव हाय मला, बाई."

"ठाऊक होतं तर तोंड नव्हतं का? सांगायचं की!"

"हुतं की तोंड." मामांनी बाबांकडे पाहिलं, संकोचले. "पर परवा ह्यांचं वडील फुडंच हुतं. लेकाला बापाच्या म्होरं खोटं पाडायचं मंजी... आन् एकदा आपलं म्हनलं की मग फिरवायचं कसं?"

"पडू द्यायचा होता ना बाप्पा," बाबा म्हणाले. "मी काही त्याले दत्तक देणार नव्हतो."

मामांची बायको आतून पाणी घेऊन आली होती, तिला हसू आवरेना. काकूही हसल्या. मला हसता आलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "मामा, चुकलं माझं."

"हां," मामा म्हणाले.

जाऊ द्या, असं ते म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो. त्यांनी चहा घ्यायला बसवलं, चहा गोड होता, निघताना त्यांनी गाडीचा पत्रा हातानं चाचपून "चांगली हाय" असंही म्हटलं. पण ते दोन शब्द आले नाहीत आणि बरं झालं आले नाहीत. आले असते तर मी तेवढ्यावर मोकळा झालो असतो. दुसऱ्या दिवसापासून मामा काकूंकडे पूर्ववत यायला लागले आणि माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. त्यापुढचं बोलणं सुरू व्हायला पावसाळा उजाडला.

कुंपणाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. पिल्लं गेल्यावर काकू स्वतःहून म्हणाल्या, "आता उरलेलं काढा. तुम्ही शब्द मोडलात म्हणून मी माझा मोडणार नाही." मला नको वाटत होतं, पण त्या अडूनच बसल्या. मग मेंदी गेली, फाटक रुंद झालं, गाडी अंगणात आली. जून-जुलैत मामांनी त्याच मेंदीच्या फांद्यांचे तुकडे मागच्या हद्दीला ओळीनं लावले. मी खड्डे खणले. आमच्या सोसायटीत झाडांची सगळी छाटणी पावसाळ्यापूर्वीच्या कामांत धरलेली असायची, गच्चीची डागडुजी, गटारं आणि कुंपणं एका दमात, एप्रिल-मेमध्ये. म्हणजे नेमकी घरट्यांच्या दिवसांत. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि छाटणी दिवाळीनंतर करावी असा ठराव मांडला. कुणीतरी विचारलं, "तुम्हाला अचानक पाखरांचा एवढा पुळका कशानं?" तेव्हा मी कारण सांगितलं, पूर्ण. काही जण हसले. काकूंनी ठरावाला अनुमोदन दिलं. ठराव झाला. तिसऱ्या वर्षी मागच्या मेंदीत शिंपी पक्ष्यानं पानं शिवून घरटं केलं. ते मी स्वतः शोधून काढलं आणि मामांना दाखवलं. "हाय खरं," ते म्हणाले.

पण तो आठवडा अजून सांगायचा राहिला. बाबा पाडव्यानंतर दोन दिवसांत परत जाणार होते, ते राहिलेच. रोज सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून हातात काठी घेऊन बसायचे, मांजरासाठी. मांजर यायचं. एकदा तर भिंतीवरून थेट बांबूपर्यंत आलं, तेव्हा काकू शाळेतली लांब लाकडी फूटपट्टी घेऊन धावल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही राखण करताय की डुलक्या काढताय?" बाबा म्हणाले, "मांजरीले वाटलं पाहिजे ना की मी झोपलो!" मी दोन दिवस रजा काढली. दोघांच्या पाळ्या लागल्या, मग तिघांच्या. कापलेल्या फांद्यांची पानं उन्हानं दुपारपर्यंत मलूल व्हायची, म्हणून मामा रोज ताज्या फांद्या आणायचे, काकूंच्या मागच्या झुडपांतून. तोडलेल्या मेंदीचा ढीग मी टेम्पो बोलावून हलवणार होतो, तर मामांनी अडवलं. पिल्लं घरट्यातून निघाली तरी त्यांना लगेच उडता येत नाही, म्हणाले. चार-आठ दिवस खालच्या गचपणात लपून राहतात, आई तिथे आणून भरवते. गचपण मीच साफ केलं होतं. मग आम्ही दोघांनी तो ढीग पसरून बांबूपासून काकूंच्या जास्वंदीपर्यंत एक सलग पट्टा केला.

सातव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पहिलं पिल्लू वाटीच्या काठावर आलं. बुलबुल ढिगावर बसून बोलावत होती, चोचीत काहीतरी धरून, पण जवळ जात नव्हती. पिल्लानं पंख झटकले आणि जवळजवळ पडलंच. पण पडता पडता फांदी पकडून दिसेनासं झालं. ढिगातून त्याचा आवाज आला. दुसरं मात्र हलेना. नऊ वाजले, दहा वाजले. बाबांची दुपारची एसटी होती, पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. काकू आपल्या पायरीवर, मामा फाटकाबाहेर सायकल धरून, बायको खिडकीत. मी ऑफिसला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितलं. का, असं विचारल्यावर खरं कारण सांगितलं. पलीकडचा म्हणाला, "बरं, उडाल्यावर कळव."

साडेदहाला दुसरं काठावर आलं. परत आत गेलं. परत आलं. मग उडालं म्हणण्यापेक्षा त्यानं स्वतःला सोडून दिलं. एका काटकीला उलटं लोंबकळलं, पंख फडफडवले, सरळ झालं, आणि ढिगात शिरलं.

"तीनातले दोन," काकू म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. गणित होतं ते, आणि त्यातला गेलेला एक माझा होता.

"कुनी हालू नका आता," मामा हळू आवाजात म्हणाले. ते सगळ्यांना उद्देशून होतं, पण बघत माझ्याकडे होते. "ती आत जाऊ द्या एकदा."

आम्ही उभे राहिलो. बुलबुल तारेवरून खाली आली, ढिगावर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि आत शिरली.

"चाल," बाबा म्हणाले. "आता मले स्टँडवर सोड." पण जागचे मात्र हलले नाहीत.